न दाखवलेली पिशवी

रक्तपेढीत लागले त्या दिवशी मी डबा नेला नव्हता. नव्या जागी कुठे बसायचं, कोणासोबत जेवायचं, काही ठाऊक नसतं, म्हणून बिस्किटांचा पुडा घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मोठ्या मॅडमनी मला हाक मारली. ‘‘एकटी काय खातेस गं? इकडे ये.’’ आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी झाकणात काढून माझ्यापुढे सरकवली.

मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या सीनियर टेक्निशियन. वयाने पन्नाशीच्या पुढे, नीट इस्त्रीची साडी, त्यावर पांढरा कोट. बोलणं इतकं मऊ की रडणारा रक्तदातासुद्धा त्यांच्याकडे हात पुढे करायचा. मी खापा गावची. लग्न होऊन शहरात, महाल भागात आले. आधी सावनेरला एका छोट्या लॅबमध्ये होते, तिथे मालकच सगळ्यांवर खेकसायचा. इथे पहिल्याच दिवशी कोणी पोळी वाढली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ‘‘लय चांगली माणसं आहेत.’’

माझं काम रक्तगट तपासायचं, पिशव्यांना लेबलं लावायची आणि रक्तदान शिबिर असेल तेव्हा गाडीबरोबर जायचं. काम मला येत होतं. मॅडमनी पहिला महिनाभर कौतुकच केलं. मग एक दिवस जेवताना आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘एक सांगू? राग नको मानूस. रक्तदात्यांसमोर ‘मले’, ‘तुले’ नको म्हणत जाऊस. माझं काही नाही गं, पण लोक हसतात.’’

‘‘कोण हसते?’’

‘‘जाऊ दे. नावं कशाला घ्यायची?’’

त्या दिवसापासून मी लोकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. काउंटरवरची क्लार्क माझ्याच वयाची होती, बर्डी भागातून येणारी, मोठ्याने हसणारी. ती हसली की मला वाटायचं, मलाच. ड्रायव्हर भाऊ तर मुळातच रागीट चेहऱ्याचे, नमस्काराला मान हलवण्यापलीकडे उत्तर नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, ‘‘त्याच्यापासून जरा जपून राहा. बायका पुढे गेलेल्या त्याला खपत नाहीत.’’ मी जपून राहायला लागले, म्हणजे त्यांच्याशी बोलणंच सोडलं. हळूहळू काउंटरवर थांबणंही सोडलं. जेवायला मी आणि मॅडम, आम्ही दोघीच.

मग लहान लहान गोष्टी व्हायला लागल्या. मोबाईलवरच्या ग्रुपमधून मी अचानक बाहेर. मॅडम म्हणाल्या, ‘‘अगं, चुकून झालं असेल. करते पुन्हा ॲड.’’ त्या विसरल्या, मी दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा लाज वाटली. ड्युटी बदलल्याचं सगळ्यांना कळायचं, मला सकाळी आल्यावर. डॉक्टर आमचे प्रमुख, त्यांनी एकदा विचारलं, ‘‘तुम्हाला संध्याकाळी थांबायला प्रॉब्लेम असतो म्हणे?’’ मी असं कोणालाच म्हटलं नव्हतं. मी मॅडमना विचारलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मी तुझी बाजूच घेतली गं. घरचं बघावं लागतं तिला, म्हटलं. कोण काय कान भरतं, तुला कल्पना नाही.’’

मला खरंच कल्पना नव्हती. मी एकेकाला मनात उभं करून पाहायची. क्लार्क? ड्रायव्हर? की साफसफाईच्या मावशी, ज्या मी आत गेले की बाहेर जायच्या? त्यातल्या कोणावरही बोट ठेवावं असं काही सापडायचं नाही, आणि न सापडल्यामुळे संशय आणखी वाढायचा. एकाच माणसावर मला कधी संशय आला नाही. जिच्या झाकणातलं मी खात होते, तिच्यावर.

रामटेकचं शिबिर मी आजही विसरलेले नाही. आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, ‘‘गाडी साडेसातला निघेल. आरामात ये.’’ मी सातलाच पोचले, तर फाटकाशी गाडी नाही. वॉचमन म्हणाला, ‘‘ते तं कवाचीच गेली.’’ फोन केला, मॅडमनी उचलला नाही. मी धावत जाऊन एसटी धरली. रामटेकला उतरून पुन्हा ऑटो. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा खाटा भरलेल्या होत्या, बाहेरपर्यंत रांग. गडावरच्या देवळात दर्शन करून आलेली माणसंही त्यात उभी होती. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘तुम्हाला जमत नसेल तर आधी सांगत जा. इथे पेशंटच्या जिवाचं काम आहे.’’

मी तोंड उघडायच्या आत मॅडम मध्ये आल्या. ‘‘जाऊ द्या सर. नवीन आहे. होतं असं. घरचं सांभाळून करते बिचारी.’’

लोकांना त्या मला वाचवताना दिसल्या. मलाही तसंच दिसलं. पण हात धुताना वाटलं, ‘गाडी लवकर निघाली’ एवढंच म्हणायला त्यांना काय हरकत होती? नंतर त्यांना विचारलं. त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, ‘‘साडेसहा म्हटलं होतं मी! तू घाईत ऐकलंस. आणि ड्रायव्हरला थांब म्हटलं तर तो थांबला नाही. त्याचं तुला माहीतच आहे.’’

परतीच्या वाटेवर मी गाडीत मागे बसले. ड्रायव्हर भाऊंच्या मानेकडे पाहत मनात त्यांना जे काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि एक भीती हळूच आत शिरली होती. मला नीट ऐकू येत नाही की काय? साडेसहा आणि साडेसात यातला फरक मला कळला नाही?

घरी मी गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा पाहायला लागले. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. रविवारी दुपारपासूनच मला रडू यायचं. नवऱ्याने विचारलं, ‘‘तुले कोणी काही म्हणलं काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग रडून काहून राहिली?’’

काय सांगणार? कोणी खरंच काही म्हटलं नव्हतं. कोणी शिवी दिली नव्हती, आवाज चढवला नव्हता. डॉक्टर बोलले, पण ते उशिराबद्दल, आणि उशीर झाला होता हे खरं होतं. सावनेरचा मालक खेकसायचा तेव्हा निदान कोण काय करतंय ते दिसत होतं. इथे मारणारा हात दिसतच नव्हता. मग वाटायचं, हात नसेलच. आपलंच डोकं फिरलं असेल.

त्यानंतर ती पिशवीची गोष्ट झाली. आमच्याकडे गटाप्रमाणे लेबलांचे रंग ठरलेले असतात. ओ गटाला निळं, बी गटाला गुलाबी. एका संध्याकाळी सगळे निघाले असताना मॅडम मला फ्रीजच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

‘‘आज तू बी पॉझिटिव्हच्या पिशवीवर ओचं लेबल लावलं होतंस.’’

असं रक्त चुकीच्या माणसाला गेलं तर तो मरू शकतो.

‘‘कोणती पिशवी? दाखवा.’’

‘‘बदललं मी लेबल. जुनं फेकूनही दिलं. घाबरू नकोस, कोणाला सांगणार नाही. तूही बोलू नकोस, डॉक्टरांना कळलं तर तुझी नोकरी जाईल. एक मात्र सांगते, तू फार हळवी आहेस गं. हे काम हळव्या माणसाचं नाही.’’

मी त्यांचे हात धरून रडले. आभार मानले. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांपुढे निळं आणि गुलाबी यायला लागलं. मी लेबल लावताना गट मोठ्याने वाचते. सावनेरपासूनची सवय आहे. मी मोठ्याने ‘बी’ म्हणत हाताने निळं लेबल उचललं? असं होऊ शकतं का? होऊ शकतं, मॅडम कशाला खोटं बोलतील. पण मग त्यांनी ती पिशवी मला का नाही दाखवली?

हा प्रश्न पहिल्यांदा मनात आला आणि मलाच लाज वाटली. ज्या बाईने आपल्याला वाचवलं तिच्यावर संशय!

काही दिवसांनी दुसऱ्या एका हॉस्पिटलमधून रक्त न्यायला एक मुलगी खिडकीशी आली. मी पिशव्यांची पेटी भरून देत होते. तिने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘‘तू माझ्या जागेवर आली ना? मी इथंच होती आधी.’’ मी हो म्हटलं. तिने आत डोकावून पाहिलं. मॅडम नव्हत्या. मग अगदी हळू म्हणाली, ‘‘तिच्या डब्यातलं खाते काय तू?’’

मी पेटीचं झाकण उचललं. ती म्हणाली, ‘‘मलेही वाढे. ड्रायव्हरशी बोलू नको म्हणे. आणि मी फार हळवी आहे म्हणे.’’

‘हळवी’ हा शब्द ऐकला आणि पेटीचं झाकण माझ्या हातातून सुटलं. ती पुढे म्हणाली, ‘‘चुकीच्या लेबलच्या एका पिशवीचं सांगते ना, ते पिशवी कधी दाखवत नाही. मी तं त्या भीतीनंच नोकरी सोडली.’’ आणि सही करून निघून गेली.

कोणाला वाटेल, त्या क्षणी माझे डोळे उघडले असतील. तसं झालं नाही. मला त्या मुलीचाच संशय आला. ही काढून टाकलेली असेल, सूड घेत असेल, मॅडमविरुद्ध मला भडकवायला आली असेल. इतक्या दिवसांत मी कोणावर तरी विश्वास ठेवायचा असतो हे पार विसरले होते. पण तिचे शब्द आणि मॅडमचे शब्द सारखे कसे, हे काही डोक्यातून जाईना.

शेवटी मी एक गोष्ट केली. जेवताना मॅडमना म्हटलं, ‘‘मॅडम, कोणाला सांगू नका. मी चंद्रपूरला एका हॉस्पिटलमध्ये अर्ज करणार आहे.’’ त्यात काही खरं नव्हतं. चंद्रपुरात माझं कोणीही नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही, भिंतीलासुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, ‘‘माझ्या पोटातच राहील.’’

तो आठवडा मी कान टवकारून काढला. मनातून मला वाटत होतं की काहीच होऊ नये. मॅडम चांगल्या निघाव्यात, मी वेडी निघावी. शनिवारी डॉक्टर जिन्यात भेटले आणि घड्याळात पाहत म्हणाले, ‘‘चंद्रपूरला जायचंच असेल तर ट्रेनिंगला तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाचं नाव देतो. तुमच्यावर कशाला वेळ घालवायचा?’’

चंद्रपूरचं फक्त मॅडमना ठाऊक होतं. राग आला नाही, तो मागाहून आला. आधी फक्त हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. मला ऐकू येतं. मला रंग कळतात.

मी खाली गाडीकडे गेले. ड्रायव्हर भाऊ काच पुसत होते. मी म्हटलं, ‘‘भाऊ, रामटेकच्या दिवशी माझ्यासाठी काहून नाही थांबले?’’

त्यांनी फडकं खाली ठेवलं. ‘‘मॅडमनंच सांगतलं ना जी मले. ताई डायरेक्ट रामटेकले येतीन म्हणे, सोड गाडी.’’

‘‘मग तुम्ही मले सांगितलं काहून नाही?’’

‘‘तुम्ही बोलत कुठं होत्या माह्याशी?’’ ते म्हणाले. ‘‘तोंड फिरवून जात होत्या. मले वाटलं, डोक्यात हवा आहे बाईच्या.’’

त्यांनी पुन्हा काच पुसायला घेतली.

सोमवारी मी माझा डबा घेऊन काउंटरवर क्लार्कजवळ जाऊन बसले. ती चकित झाली, पण सरकून जागा दिली. मॅडमनी आतून पाहिलं. त्या दिवसापासून मी एक नेम धरला. मॅडमशी एकटीने बोलायचं नाही. त्या दार लोटायला लागल्या की मी म्हणायची, ‘‘उघडंच राहू द्या मॅडम, गरम होते.’’ गाडीची वेळ मी सगळ्यांसमोर विचारायची आणि मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे ड्रायव्हर भाऊंनाही ऐकू जाई. ग्रुपमध्ये मला क्लार्कनेच परत घेतलं. ‘‘आम्हाले तं वाटलं, तूच निघाली,’’ ती म्हणाली. ‘‘मॅडम म्हणे तुले आमची चीड येते.’’

मॅडम महिनाभर गोड राहिल्या. मग एक दिवस मी पिशव्या मोजत असताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘आज नीट बघून लाव हं लेबलं. दरवेळी मी नसते वाचवायला.’’

क्लार्क होती, डॉक्टर दारातच उभे होते. किती वेळा मनात हे संभाषण करून ठेवलं होतं, आणि ऐनवेळी आवाज कापायला लागला. तरी बोलले.

‘‘मॅडम, ते कोणती पिशवी होती? आता डॉक्टरांसमोर सांगा.’’

‘‘कोणती पिशवी?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘काही नाही सर,’’ मॅडम हसून म्हणाल्या. ‘‘गंमत केली. फार हळवी आहे ही.’’

‘‘सर,’’ मी म्हटलं, ‘‘मॅडम म्हणाल्या, मी बीच्या पिशवीवर ओचं लेबल लावलं. त्यांनी ते गुपचूप बदललं आणि मला गप्प राहा म्हणाल्या. माझ्याकडून तसं झालं असेल तर माझी चौकशी करा. पण मग मॅडमनी तुम्हाला का नाही कळवलं, हेही विचारा. आणि झालंच नसेल तर मला कित्येक आठवडे झोप का नाही, ते मला कळू द्या.’’

डॉक्टरांना बायकांच्या भांडणांचा कंटाळा होता, हे मला ठाऊक होतं. मी नुसती रडत त्यांच्याकडे गेले असते तर त्यांनी ‘आपसात मिटवा’ म्हटलं असतं. पण चुकीचं लेबल हे आपसात मिटवायचं नसतं. त्यांनी चष्मा काढला.

‘‘मॅडम, असं काही झालं होतं?’’

‘‘छे! मी असं म्हणालेच नाही. हिचा काहीतरी गैरसमज झालाय.’’

मला वाटलं, संपलं. दार लोटून सांगितलेल्या गोष्टीला साक्ष कोणाची असणार? तेवढ्यात क्लार्क म्हणाली, ‘‘पण मॅडम, तुम्ही मलेही सांगतलं होतं ना? ‘मी वाचवलं तिले, नाहीतर घरी बसली असती,’ म्हणे. पार्किंगमध्ये सांगतलं होतं.’’

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त डोळे विझल्यासारखे झाले. त्यांनी पर्स उचलली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या.

नंतर रक्तपेढी चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांसमोर आमचे सगळ्यांचे जबाब झाले. ड्रायव्हर भाऊ कधी नव्हे तो धुतलेला शर्ट घालून आले आणि रामटेकची गोष्ट सांगितली. ती आधीची मुलगी मात्र आली नाही. फोनवर म्हणाली, ‘‘मले आता त्या बाईचं तोंडही नाही पाहायचं.’’ मी तिला आग्रह केला नाही. मॅडम मोठा रुमाल घेऊन आल्या, डोळे पुसत राहिल्या. ‘‘मी मुलीसारखं सांभाळलं हिला,’’ म्हणाल्या. त्या रडत होत्या तेव्हा क्षणभर मलाही वाईट वाटलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, हे रडणं खरं आहे का? मला आजही सांगता येणार नाही.

त्यांना काढलं नाही. इतक्या वर्षांचा अनुभव, शहरातले सगळे डॉक्टर ओळखीचे. त्यांना लेखी ताकीद मिळाली, एवढंच कळलं. शिबिरांचं काम त्यांच्याकडून काढून माझ्याकडे आणि क्लार्ककडे दिलं. डॉक्टर मला म्हणाले, ‘‘तुम्ही आधीच यायला हवं होतं.’’ जिन्यात काय बोलले होते ते त्यांच्या लक्षात नसावं. मीही आठवण करून दिली नाही.

बाहेरून पाहिलं तर सगळं नीट झालं. आत तसं नाही. कोणी कौतुक केलं की मी आधी थांबून पाहते, याला काय हवंय? सासूबाईंनी एकदा न सांगता माझ्या कपड्यांच्या घड्या घातल्या, तर मी विचारलं, ‘‘काहून?’’ त्यांचा चेहरा उतरला. नवरा म्हणतो, ‘‘आता तं संपलं ना ते.’’ मी हो म्हणते. बदली झालेल्या माणसासारखा संशय सामान बांधून निघून जात नाही.

मागच्या हिवाळ्यात खाप्याला शिबिर होतं, कन्हान नदीच्या काठाशी, शाळेच्या हॉलमध्ये. माणसं कमी पडली म्हणून मॅडमही आल्या. माझी आई सगळ्यांसाठी घरून भाकरी आणि झुणका घेऊन आली. मॅडमनी उठून तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, तिला खुर्ची दिली, पाया पडल्या. म्हणाल्या, ‘‘तुमची लेक आमच्या रक्तपेढीचं नाव काढते बघा.’’ आई फुलून गेली. नंतर मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.

‘‘किती गोड बोलते वं ते बाई,’’ आई म्हणाली. ‘‘अशी माणसं भेटाले नशीब लागते.’’

त्यावर मी तिला सगळं सांगितलं. फाटकाला टेकून, भरभर, झाकणातल्या पोळीपासून पार्किंगपर्यंत. आई ऐकत राहिली. मध्येच हॉलकडे पाहायची, मॅडम खिडकीतून दिसत होत्या, एका म्हाताऱ्या माणसाला चहा देत होत्या.

‘‘मंग तू अजून तिथंच काहून राहिली?’’ तिने विचारलं.

‘‘काम मले आवडते, आई.’’

तिने मान हलवली, पदर सावरला. ‘‘भाकर उरली असन तं बांधून ठेवजो,’’ म्हणाली आणि घराकडे निघाली. मी हॉलमध्ये परत आले, हात धुतले आणि पुढची पिशवी उचलून गट मोठ्याने वाचला.